येथे छुपे कॅमेरे नाहीत

रहांगडाले काकांच्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नसे, टॉर्च मिळे. "पयले खोली तपासून घ्या जी, मंग चाय," असं म्हणून काका पाहुण्याच्या हातात टॉर्च ठेवत, त्याच्या पायाशी लोखंडी स्टूल सरकवत आणि स्वतः अंगणात जाऊन पाठ करून उभे राहत.

पाहुणा बिचारा नागपूरहून नाहीतर रायपूरहून गाडीत आंबून आलेला असे. त्याला बोदलकशाचा तलाव बघायचा असे, तलावावरचे पक्षी बघायचे असत. खोलीत काय बघायचं, हे त्याला कळत नसे. मग काका पाठमोरेच सूचना सोडत. खिडक्या लावा, दिवा मालवा, टॉर्च डोळ्यापाशी धरा आणि भिंतीवरून हळूहळू फिरवा, कुठे बारीक चमकलं की समजा भिंग आहे. पंख्याची वाटी बघा, आरशाच्या मागे बघा, प्लगाची भोकं बघा, न्हाणीतली बादली उलटी करून बघा. गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं हे इतकं मनावर घेतलं की दोन्ही खोल्या संपवून तो काकांच्या स्वतःच्या कपाटापर्यंत पोचला. तिथे त्याला डॉक्टरांनी बंद केलेले तिळाचे लाडू सापडले. काकांनी हरकत घेतली नाही. दोन लाडू त्यालाच दिले.

मी तिरोड्याच्या शाळेत मास्तर. काकांचं घर आणि माझं घर यांच्यात एक कुंपण आहे, तेही अर्धं पडलेलं. त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. एकुलता एक मुलगा रुपेश, तो हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं बापाला तिकडे नेलं. काका आठव्या दिवशी परत. का, तर घर बाराव्या मजल्यावर होतं. "खाली पाह्यलं तं माणूस मुंगीएवढा दिसते. त्याले हाक कशी मारू?" हे त्यांचं कारण. शेवटी रुपेशनंच तोड काढली. त्या सुमाराला लोकांना हॉटेलपेक्षा कुणाच्यातरी घरात राहण्याची हौस आली होती. त्यानं घराचे फोटो इंटरनेटवर टाकले, पाहुण्यांसाठी म्हणून लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारं वायफाय बसवलं, आणि नागझिऱ्याला जाणारी मंडळी वाट वाकडी करून आमच्या गावात मुक्काम करू लागली.

पहिला हंगाम बरा गेला. मग काकांनी कुठल्यातरी वर्तमानपत्रात वाचलं की कुठल्यातरी लांबच्या गावात एका घरमालकानं पाहुण्यांच्या खोलीत चोरून कॅमेरा लावला होता. ती बातमी त्यांनी तीनदा वाचली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. यशोदाबाई, म्हणजे काकांकडे स्वयंपाक करणाऱ्या बाई, मला बोलवायला आल्या. मी गेलो तर काका ओसरीवर पेपर मांडीवर घेऊन बसलेले.

"मास्तर," ते म्हणाले, "भाडं घेतलं म्हंजे तेवढे दिवस ते खोली त्यायची. मी तिथला कोनी नाई. मंग हा कोन मोठा लागून गेला पाह्यनारा?"

मी म्हटलं, जग वाईट आहे. यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी शाळेत पोरांकडे पाहतो.

काकांचा राग समजायला आमच्याकडची एक रीत ठाऊक पाहिजे. काका पोवार समाजाचे. त्यांच्या घरात थोरल्या दिरानं, त्याला इकडे भासरा म्हणतात, धाकट्या भावाच्या बायकोसमोर असं भसकन यायचं नाही. आधी दाराशी खाकरायचं. आतल्या बाईला पदर सावरायला, उठून आत जायला तेवढा वेळ मिळाला पाहिजे. काका पाच भावांतले थोरले. उभा जन्म दारोदार खाकरण्यात गेलेला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, खाकरून येणारी आणि न खाकरता येणारी. त्या बातमीनंतर त्यांनी एक वाक्य धरलं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले: "सगळं खरं जी, पन कॅमेरा खाकरत नाई."

तेव्हापासून पाहुण्यांना चहा नेताना काका बोअरिंगपाशी एकदा खाकरत, पायरीवर एकदा आणि दाराशी एकदा. आतून "या" आल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसत. पाहुणे झोपलेले असले की चहाचा गार काढा व्हायचा आणि काका ट्रे धरून देवळातल्या गरुडासारखे उभे. रायपूरच्या एका नव्या जोडप्याला ह्या खोकल्याची इतकी काळजी वाटली की जाताना ते खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवून गेले, वर छातीचा फोटो काढायचा सल्लाही.

मग काकांनी फाटकावर पाटी लावली: 'येथे छुपे कॅमेरे नाहीत.' आता, ज्याच्या मनात कॅमेऱ्याचा विचारही नव्हता तो माणूस ही पाटी वाचून काय समजेल? भंडाऱ्याचं एक कुटुंब गाडीतून उतरलं, पाटी वाचली आणि पुन्हा गाडीत बसलं. मी काकांना म्हटलं, पाटी काढा, लोकांना उलटाच संशय येतो. त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाटीवर खाली एक शब्द वाढला होता: 'खरंच.'

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर मला ह्या माणसाचं कौतुकही वाटायचं. स्वतःच्याच घरात परवानगी मागत फिरणारा घरमालक मी दुसरा पाहिलेला नाही.

तर अशा माणसाच्या घरात कॅमेरा सापडला.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या दोन मुली आल्या होत्या, श्रुती आणि तिची मैत्रीण. श्रुती वकिलीचं शिकत होती. काकांनी तिला टॉर्च दिला तेव्हा ती हसली नाही. पद्धतशीर खोली तपासून तिनं काकांनी ठेवलेल्या तपासणीच्या वहीत सही केली. काका खूश. म्हणाले, याले म्हनते शिक्षन. दुसऱ्या दिवशी ते पुतणीच्या साखरपुड्याला कुडव्याला गेले आणि रात्री तिकडेच राहिले. त्यांच्या मागे इकडे संध्याकाळी लाइट गेली. मुलींना पहाटे पक्षी बघायला उठायचं होतं, मोबाइलची चार्जिंग संपत आलेली, म्हणून त्यांनी यशोदाबाईंकडे घड्याळ मागितलं. यशोदाबाईंनी काकांच्या खोलीतलं घड्याळ काढून मुलींच्या खोलीत लावलं. सेलवर चालणारं, रुपेशनं आदल्या वर्षीच्या दिवाळीला पाठवलेलं, घरातली सगळ्यात झकास वस्तू. पाहुण्याला घरातलं चांगलं तेच द्यायचं, ही काकांचीच शिकवण.

सकाळी पक्षी बघून मुली परत आल्या, तेव्हा उन्हाची तिरीप त्या घड्याळावर पडली होती. सहाच्या आकड्याखाली काहीतरी बारीक चमकलं. श्रुतीनं खिडक्या लावल्या, काकांचाच टॉर्च डोळ्यापाशी धरला, आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे ते भिंग तिला सापडलं.

यशोदाबाई धावत मला बोलवायला आल्या. मी पोचलो त्याच वेळी काकाही फाटकातून आत येत होते, हातात साखरपुड्याच्या बुंदीची पिशवी. मैत्रीण रडत होती. श्रुतीनं घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं होतं आणि तिचा आवाज अगदी थंड होता. तिनं सांगितलं की ती पोलिसांना फोन करणार आहे, पण त्याआधी तिला एकदा ह्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं होतं, ज्यानं ती पाटी लावली.

मला लाज वाटते सांगायला, पण क्षणभर माझ्याही मनात आलं, इतकं नाही नाही म्हणणारा माणूस... कुंपणाला लागून इतकी वर्षं काढली आणि एका क्षणात मी संशय घेतला.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते खुर्चीवर बसले. यशोदाबाईंनी रडत रडत लाइट गेल्याचं, घड्याळ आपणच लावल्याचं सगळं सांगितलं. मला जरा सुटल्यासारखं झालं. घड्याळ रुपेशनं पाठवलेलं होतं. मागच्या साली काका न्हाणीत घसरून पडले, दोन तास कुणाला पत्ता नव्हता, त्यानंतर ते आलं होतं. मी मनात जुळवाजुळव केली आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हटलं, सांगून टाका तुम्हाला काही माहीत नव्हतं. पोरानं न सांगता लावलाय, तुमचा काय दोष?

काकांनी माझा हात बाजूला केला.

"मले माहीत होतं," ते श्रुतीला म्हणाले. "पोरी, खोटं नाई बोलत. होळीच्या टायमाले लाइट गेली होती, चप्पल शोधून राह्यलो होतो टॉर्चनं, तवा चमकलं. पन तो माह्या खोलीत होता. तुमच्या खोलीत कसा आला ते आत्ताच आयकतो."

"माहीत होतं तर काढला का नाही?" श्रुतीनं विचारलं.

काका बुंदीच्या पिशवीची गाठ सोडत बसले, पुन्हा बांधत बसले. मग म्हणाले की हे पोराचं काम. पोराला वाटतं बापाला कळलं नाही. कळलं असं त्याला समजलं तर तो वरमेल आणि काढून नेईल. म्हणून आपण गप्प राहिलो. तो कधी बघतो ते ठाऊक नव्हतं, तेव्हा रोज दाढी करून, धुतलेला सदरा घालून दिवसभर त्या घड्याळासमोर बसायचं, पोराला दिसलं पाहिजे बाप धडधाकट आहे.

मला एकदम आठवलं की होळीपासून काका ओसरीवर बसेनासे झाले होते. मी त्यांना चिडवतही होतो, म्हातारपणी आता खोलीत कोंडून घ्यायची वेळ आली का म्हणून.

श्रुतीचा आवाज थोडा खाली आला, पण ती मागे हटली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. ती म्हणाली, "काका, तुमचं मला समजतं. पण काल संध्याकाळपासून ह्यातून कोणी काय पाहिलं, ते मला कळायला पाहिजे. मुलाला फोन लावा."

"पोलिसाले लाव ना बाई," काका म्हणाले. "मी चलतो त्यायच्या संग. त्याले नोको लावू."

इतक्या वर्षांत काकांनी कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी श्रुतीकडे बघितलं, मग रडून लाल झालेल्या मैत्रिणीकडे. खिशातून फोन काढला, आणि स्वतःच नंबर लावून, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

रुपेशनं सगळं ऐकलं. आधी बराच वेळ नुसतं सॉरी सॉरी म्हणत होता. मग सांगितलं की काल सहाच्या सुमाराला त्यानं आपल्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र उघडलं, तर मेणबत्तीच्या उजेडात भिंत वेगळी, पलंगावर दोन अनोळखी बॅगा. त्यानं तिथल्या तिथे बंद केलं. रेकॉर्डिंग राहतच नव्हतं, उघडलं त्या वेळांची नोंद मात्र राहत होती. श्रुतीनं ती सगळी यादी स्वतःच्या फोनवर मागवून घेतली, काल सहानंतर काही नाही याची खात्री केली, आणि त्याच्याकडून ते सगळं कायमचं बंद करवून घेतलं. मग यादी वर सरकवत सरकवत ती थांबली.

"काका, हा रोज बघायचा तुम्हाला," ती म्हणाली. "रोज सकाळी आठला. दुपारीपण."

"रोज?" काकांनी विचारलं.

फोनमधून रुपेशचा आवाज आला. "बाबा, तुम्हाला होळीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग एकदा तरी त्याच्यात बघून हात हलवायचा ना."

"हलवला असता तं तुले समजलं असतं," काका म्हणाले. "मंग तू पाह्यनं बंद केलं असतं."

पलीकडे रुपेश रडत होता की नेट अडकलं होतं, मला कळलं नाही. श्रुतीनं फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि तो काकांच्या हातात दिला. मग तिनं मैत्रिणीला, यशोदाबाईंना आणि मला डोळ्यांनीच उठायची खूण केली. आम्ही बाहेर आलो. तिनं दार हळूच ओढून घेतलं, आणि आम्ही चौघं अंगणाच्या पार त्या टोकाला, जिथे आतलं काही ऐकू येणार नाही तिथे, जाऊन उभे राहिलो.