मुन्सीकाकाची शेवटची कॉइल

आमच्या शेजारच्या मुन्सीकाकाच्या तोंडाले ऐन थंडीतबी आंब्याचा वास येत असे. गावात एक आंबा नसे तेव्हा.

मले हे ठाऊक नव्हतं. आम्ही सावली गावाजवळ किरायानं राहाले आलो त्याच हप्त्यातली गोष्ट. भिंतीच्या पल्याडून पांढरा धूर असा भसाभसा वर येऊन राह्यला होता का मले वाटलं, गेलं, घर पेटलं, आता आमचंबी पेटते, माही पोरगी परी आतमधी झोपली आहे! इचार नाई केला, नळाखालची बकेट उचलली अन् भिंतीवरून ओतली.

तिकडून आवाज आला, "अवं बाई, माणूस आहे इथी!"

पाहते तं एक बुढा डोक्शापासून टपटप गळून राह्यला. रागवाचं सोडून त्यानं हातातली काळी नळी खोलली, तिच्यातून बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला अन् त्याले फुंकाले लागला. म्हणे, "मले सर्दी झाली तं चालन. हिले नाई झाली पाह्यजे."

ही म्हणजे कॉइल. मंग त्यायनंच समजावलं. नळी म्हणजे वाफेची मशीन. वर टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचा रस, खाली कॉइल, म्हणजे तार अन् कापूस. बटन दाबलं का तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते, ते ओढाची. काकानं सारी उमर तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पत्ता गोळा होते तिथी, मुन्सी म्हून काढली, जंगलातून आलेले पुडे मोजून घ्याचे अन् दिवसभर बिडी प्याचे. खोकले का आंगणातल्या कोंबड्या उडत. म्हून त्यायचा पोरगा प्रकाश, कुवेतले राहते, त्यानं बिडी सोडवाले मशीन आणून देल्ली. संग कॉइलची डबी. आपल्याकडं ह्याच्यावर बंदी आहे, दुकानात भेटत नाई. म्हून कॉइल पुरवून पुरवून वापराची.

अन् पुरवाची कशी, ते काकापासून शिकावं. नवी कॉइल टाकली का लगेच ओढत नाईत. कापसावर थेंब थेंब रस सोडतेत, टाकी भरून उभी ठेवतेत, अन् समोर बसून राहतेत. "वाळल्या पत्त्यावर पाणी न मारता पोत्यात भरला तं चुरा होते का नाई? तसंच हे. कोरडी तापली का मेली." मी परीले घाईघाईत दूध पाजलं तं भिंतीवरून म्हणत, "दमानं घे, बाई. पिऊ दे. बसू दे." कधी कधी मले समजतच नसे का माह्या पोरीले म्हणून राह्यले का कॉइलले.

काका एकदाच चुकले. रस सरत आला तं मोहफुलं उकळून ते पाणी टाकीत ओतलं. मोहाची साखर ते! दोन झुरक्यात कॉइल काळी गुळासारखी, अन् काका ठसक्यानं लाल. ते कॉइल त्यायनं शेवग्याखाली पुरली. परीचे बाबा म्हणे, "काका, तेरवी कधी करता?"

काका म्हणे, "तुले नाई बलावत."

बंदी आहे म्हटल्यापासून मले पोलिसाचं भेव. जीपचा आवाज आला का मी भिंतीवरून ओरडो, "काका, जीप!" का काकानं मशीन तांदळाच्या कोठीत खुपसलीच. एका दिवशी जीप काकाच्या दारातच थांबली. वनविभागाची. वाघ दिसला, रानात जाऊ नोका म्हून सांगाले आलेली. काका कोपरापर्यंत तांदळात हात घालून उभे. गार्ड म्हणे, "बाबा, वाघ तांदळात नाई."

मंग काही दिवस धूर दिसलाच नाई. आंब्याचा वास नाई, खोकला नाई, काईच नाई. मले आधी धुराचं भेव, आता बिनधुराचं. काका मरून तं नाई पडले? परीले कडेवर घेतलं अन् धावतच गेली.

काका खाटेवर बसले होते. मशीन तोंडात, पण बटन दाबून नाई राह्यले.

"काका, काऊन ओढत नाई? बिडी तं नाई ना सुरू केली?"

"नाई वं."

"रस सरला?"

"रस आहे." मशीन तोंडातून काढली, धोतरानं पुसली. "कॉइल शेवटची आहे. करपट लागून राह्यली."

"मंग जळू द्या ना! प्रकाशभाऊले सांगा, दुसरी पाठवा म्हणा."

काकानं परीच्या पायातला चाळ बोटानं हलवला. "जाताना डबी हाती देल्ली ना त्यानं, तेव्हा म्हणे, बाबा, ह्या कॉइल सराच्या आत मी येतो."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय. त्याले सुटी भेटत नसन. त्यात त्याचा काय दोष? पण ही जळली तं पोरगा खोटा पडन ना, बाई."

तेवढ्यात परीनं हात लांब केला, थेट बटनावर. मी तिचं बोट असं गच्च धरलं का ती भोकाड पसरून रडली.

"दमानं घे, बाई," काका म्हणे. "दमानं."

आता सकाळी उठली का मी पह्यले भिंतीवरून पाहते. धूर नसला का जिवाले बरं वाटते.