वारा बघणारे मुलाणीचाचा

मुलाणीचाचा रस्त्यात भेटले की नमस्काराआधी वाकतात, चिमूटभर माती उचलून हवेत सोडतात आणि ती कुठे उडते ते बघून आपल्याला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला उभं करतात. मग म्हणतात, "हां, आता बोला मास्तर." माझ्या वडिलांना अग्नी दिला तेव्हाही त्यांनी माती सोडली आणि सगळी मंडळी सरणाच्या पलीकडे नेऊन उभी केली. आमचे मामा अजून त्यांच्यावर डूख धरून आहेत.

चाचा मालगाडीवर गार्ड होते. आमच्या पौड गावात रूळ औषधालाही नाही, पण निवृत्त होऊन आले ते रेल्वे डोक्यात घेऊनच. "रूळ नसला म्हणून काय झालं? मालगाडीच्या वाघिणीतनं जायचं ते इष आता टँकरनं जातंय. रस्ता तर हाय."

एकदा त्यांच्या गाडीची वाघीण कलंडून विषारी वायू सुटला होता. "मी नियमानं पळालो. आमचा रूळ बदलणारा पॉइंट्समन जेवणाचा डबा घ्यायला मागं वळला," ते सांगत. "डबा चांगला राहिला." यावर हसावं की काय करावं हे कुणालाच कळत नसे.

यंदा सरकारी माणसं वायुगळतीची तालीम घ्यायला आली, तेव्हा गावाला शिकवायचं काम चाचांनी आपणहून अंगावर घेतलं. शाळेच्या ओट्यावर उभे राहून त्यांनी बजावलं, "भोंगा झाला की वाऱ्याला आडवं पळायचं. दागिनं न्हाई, म्हस न्हाई. मागं वळायचं न्हाई."

"आन् सासू?" मागून एका सूनबाईंनी विचारलं. सगळा ओटा हसला.

चाचा हसले नाहीत. "चालता येत न्हाई त्यानं घरात ऱ्हायचं. दाराच्या फटीत वली फडकी कोंबायची. झोळीवाले येत्यात न्यायला."

तालमीच्या दिवशी भोंगा झाला. सगळं गाव धापा टाकत शाळेच्या मैदानावर आलं. चाचाच नव्हते. तालीम घेणारे साहेब चुळबुळायला लागले, म्हणून मी चाचांना बोलवायला त्यांच्या घरी गेलो.

दार बंद. उंबऱ्यापाशी ओलं फडकं कोंबलेलं. मी कडी वाजवली.

"उघडता येत न्हाई मास्तर. भाईर वायू हाय."

मला हसू फुटलं. खिडकीच्या काचेतून आत पाहिलं आणि ते जागीच विरलं. लकव्यानं कधीची अंथरुणाला खिळलेली चाची पलंगावर होती. चाचा तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडावर ओला टॉवेल हलक्या हातानं धरून होते.

"चाचा, चाचीला न्यायला झोळी येणारच आहे. तुम्ही तरी पळायचं ना. तुमचाच नियम."

"नियम बराबर हाय. तुमी समद्यांनी पळा." टॉवेल सरकला होता, तो त्यांनी नीट केला. "पर गावाला पळायला शिकीवतो ते हिला हितं पडल्या पडल्या ऐकू येतं. हिला सोडून पळनार का, हे हिनं इचारलं न्हाई कवा. पर भोंग्याचं नाव काढलं की माझा हात धरून ठिवती. म्हनून आज तालीम केली. हिच्यासाठी."

मी खिडकीपासून बाजूला झालो.

धोका टळल्याचा भोंगा झाला. मैदानावरून माणसं हसत, बोलत परत येऊ लागली. चाचांनी दार उघडलं नाही. मीही त्यांना हाक मारली नाही, पायरीवर बसून राहिलो.