अनाउन्सरसाहेब टाकीत उतरले

उन्हाळ्याच्या दुपारी शहाण्या माणसाने पंख्याखाली गुपचूप पडून राहावं. पण अनाउन्सरसाहेब नुकतेच रिटायर झाले होते, आणि नुकत्याच रिटायर झालेल्या माणसाला मोकळी दुपार सोसत नाही. त्यांची आजवरची प्रत्येक दुपार बस स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये, माइकसमोर गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली रद्द झाली, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची छत्री सापडलीय, हे सगळं जगाला सांगायचं काम त्यांच्याकडे. आवाज भरदार, खर्जातला. त्यांना स्वतःला तो फार आवडायचा. (प्रवाशांचं म्हणणं थोडं वेगळं होतं. आवाज छानच आहे, पण बोलतोय काय, असं ते एकमेकांना विचारायचे. पण प्रवाशांचं काय घेऊन बसलात? गाडी चुकली की कुणाच्या तरी नावाने खडे फोडायचेच असतात.)

तर त्या दिवशी सकाळी अनाउन्सरीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, नळाला गढूळ पाणी येतंय. टाकी धुवायला झालीय. प्लंबरला बोलवा."

"प्लंबर कशाला? मी आहे ना!"

"म्हणूनच म्हणते, प्लंबरला बोलवा."

बाईंची धाकटी बहीण चार दिवसांसाठी राहायला आलेली. ती खुदकन हसली. मेव्हणीसमोर हसं झालेला माणूस काहीही करू शकतो. साहेब उठून उभे राहिले.

"मला टाकीत उतरता येणार नाही असं वाटतं तुला?"

"वय बघा जरा स्वतःचं."

"उतरायला वय लागत नाही!" साहेबांनी जाहीर केलं. (चढायला लागतं, हे वाक्याचं उरलेलं अर्धं त्यांना त्या वेळी सुचलं नाही.)

विषय तिथेच संपला असं बाईंना वाटलं. साहेबांच्या मनात मात्र बेत शिजला. दुपारी दोघी बहिणी आडव्या झाल्या की टाकी धुवायची, चकाचक करायची आणि चहाच्या वेळेला सहज बोलता बोलता सांगायचं, "हो, ते टाकीचं झालं बरं का."

टाकी मागच्या अंगणात, जमिनीखाली होती. चांगली खोलीएवढी, पण तोंड एका कोपऱ्यात आणि जेमतेम माणूस मावेल एवढं. साहेबांनी लोखंडी झाकण सरकवलं, मोटर लावून होतं नव्हतं ते पाणी झाडांना सोडलं, पडवीतली लाकडी शिडी आणून आत सोडली आणि अर्धी चड्डी, बनियन, बादली आणि ब्रश अशा थाटात खाली उतरले.

आणि खाली उतरल्यावर त्यांना स्वर्ग सापडला.

वर अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. घरात पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. आणि इथे! भिंती ओल्या, पायाखाली गारेगार, अंधार असा मऊ, जणू डोळ्यांवर ओली पट्टी ठेवलीय. इतकी वर्षं आपण घरात राहतोय आणि घराची सगळ्यात उत्तम खोली आपण पाण्याला देऊन बसलोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी उत्साहाने दोन भिंती घासल्या. तिसरी घासण्याआधी जरा दम घ्यावा म्हणून ते लांबच्या टोकाला बादली पालथी घालून बसले. पाठ भिंतीला टेकली. डोळे मिटले. आणि साहेब घोरायला लागले.

वर काय घडलं ते त्यांना मागाहून कळलं. बाई उठल्या. त्यांना माळ्यावरून काहीतरी काढायचं होतं म्हणून शिडी हवी होती. शिडी पडवीत नव्हती, टाकीच्या तोंडातून डोकं वर काढून उभी होती. "बघ, सगळं उघडं टाकून गेले," बाई बहिणीला म्हणाल्या. त्यांनी घराकडे तोंड करून "अहो" म्हटलं, रस्त्याकडे तोंड करून "अहो" म्हटलं. टाकीत तोंड घालून हाक मारावी असं त्यांना सुचलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. नवरा शोधायची ती जागाच नव्हे. दोघींनी मिळून शिडी ओढून काढली, आणि एखादं मांजर पडायला नको म्हणून झाकण लावलं. मोटरचा पाइप मध्ये येत होता, तेवढी फट राहिली.

साहेबांना जाग आली ती अंधारात. क्षणभर त्यांना वाटलं रात्र झाली. मग फटीतून येणारी उन्हाची तिरीप दिसली. तिच्या उजेडात शिडी होती तिथे शिडी नव्हती.

दुसरा कुणी असता तर बोंबलला असता. पण साहेबांच्या अंगात आत्मविश्वास ठासून भरलेला. बायकोला हाक मारायची म्हणजे सकाळचं वाक्य परत घ्यायचं. ते काही व्हायचं नाही. त्यांनी बादली तोंडाखाली आणली, तिच्यावर चढले, उडी मारली आणि झाकणाच्या फटीतून दोन्ही हातांनी कड पकडली. बोटांनी पकड घेतली. दंडांनी ऐकलं नाही. लग्नाच्या आधी ते सासरच्या झाडाच्या फांदीला लोंबकळून हनुवटी फांदीला लावून दाखवायचे. (त्यावरच आपली निवड झाली असा त्यांचा समज होता.) फांदी तीच असेल, हनुवटीही तीच, मधला माणूस मात्र बराच वाढला होता. ते बदकन खाली आले. बादलीचा कान मोडला.

तेवढ्यात डोक्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. भिंतीची सावली नेमकी टाकीवर पडायची, म्हणून दोघी बहिणी चहा घेऊन तिथेच येऊन बसल्या होत्या.

"भावोजी कुठे गेलेत गं एवढ्या उन्हात?" मेव्हणी म्हणाली.

"जाणार कुठे? स्टँडवर गेले असतील. घरात करमतंय कुठे त्यांना?"

साहेबांनी कान टवकारले. आपल्या माघारी बायको आपल्याबद्दल काय बोलते हे ऐकायची संधी किती नवऱ्यांना मिळते? आता काही कौतुकाचं निघेल, ते ऐकावं आणि मगच हाक मारावी असं त्यांनी ठरवलं.

"मग ताई, ठरलं ना? संध्याकाळच्या गाडीने निघू या. सूटकेस तर काढलीच आहेस."

"ठरलं. उन्हाळा संपेपर्यंत मी तुझ्याकडेच राहते. चिठ्ठी नको, फोन नको. आल्यावर सांगते तोंडावर आणि निघते."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं पण भावोजींचं काय?"

"त्यांना काय झालंय? सकाळी उठले की सांगतात, 'दूध आलेलं आहे.' मला दिसतं ना दूध! आंघोळीला निघाले की जाहीर करतात, 'आंघोळीला निघण्याच्या तयारीत.' परवा भाजीत मीठ कमी पडलं, तर सगळ्या आळीला कळलं. मला जरा शांतता हवीय गं. कान किटलेत माझे."

आता मात्र मान-अपमान बघायची वेळ राहिली नव्हती. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि साद घातली, "अगं, जाऊ नकोस! मी इथे आहे!"

टाकीने तो आवाज घेतला, चारी भिंतींवर आपटला, घोळवला आणि फटीतून बाहेर सोडला तेव्हा त्याचं "भोंऽऽ ओंऽऽ हॉऽऽ" झालं होतं.

"मोटर चालू राहिली वाटतं," बाई म्हणाल्या.

"टाकी रिकामी करून ठेवलीय ना त्यांनी?"

"खरंच की! आणि मी गेल्यावर यांना पाणी कुठून? भरून ठेवते हो टाकी. नाहीतर बसतील कोरडे." बाई उठल्या. बायको सोडून चाललेली असतानाही तिला आपली एवढी काळजी आहे हे ऐकून साहेबांना भरून आलं. पुढच्याच क्षणी कॉक फिरल्याचा आवाज झाला आणि टाकीही भरून यायला लागली.

पाण्याची धार थेट टाळूवर पडली. साहेब किंचाळले. वर "हुंऽऽ वांऽऽ" गेलं. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. साहेबांनी झटकन विचार केला: पाणी चढेल, तसे आपणही तरंगत वर जाऊ आणि झाकणापाशी पोचू. योजना उत्तम होती. फक्त त्यांना पोहता येत नव्हतं.

मग भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, आयुष्यभर तोंडात बसलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

वर मेव्हणीने कप खाली ठेवला. "ताई, ऐकतेस का? बस स्टँडवर असतो ना, तस्साच आवाज येतोय."

"स्टँड किती लांब! इथे कसा ऐकू येईल?"

"अगं, पण एक अक्षर कळत नाहीये. हुबेहूब भावोजी!"

बाईंचा हात कपाळावर गेला. दोघींनी मिळून झाकण सरकवलं. खाली, गुडघाभर पाण्यात, भिजलेल्या बनियनमध्ये, हातात ब्रश उंच धरून साहेब उभे होते.

"अगं बाई! तुम्ही आत काय करताय?"

"टाकी धुतोय," साहेब म्हणाले. (काय बोलणार?)

"पाण्यात उभं राहून?"

"शेवटचा हात मारतोय."

मेव्हणी तोंड दाबून शिडी आणायला आणि कॉक बंद करायला पळाली. शिडी आली, आत उतरली. बाई म्हणाल्या, "या वर."

साहेब हलले नाहीत. "नाही येणार. आधी सांग, तू जाणार नाहीस."

बाई खाली वाकल्या. "ऐकलंत सगळं?"

"सगळं. तू गेलीस तर मी इथेच राहीन. इथे थंडावा आहे."

"अहो, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. संप आहे हा."

बाईंनी बहिणीला चहाचे कप घेऊन आत पाठवलं. मग त्या टाकीच्या कडेला बसल्या आणि पाय आत सोडले. खालचा गारवा लागला तशी त्यांनी पायाची बोटं मोकळी केली. साहेबांना त्या पायांच्या भेगा दिसल्या, मोलकरीण नसलेल्या घरातल्या. एरवी ते पाय त्यांच्या नजरेच्या उंचीवर कधी यायचेच नाहीत.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "मला तुमचा कंटाळा नाही आला. आवाजाचा आलाय. इतकी वर्षं तुम्ही दिवसभर स्टँडवर बोलायचात आणि घरी आलात की गप्प. मी त्या गप्प माणसाशी संसार केला. जेवताना शेजारी बसायचा, माझं ऐकायचा, हुं म्हणायचा. आता हा दिवसभर बोलणारा माणूस कोण आणून बसवलाय घरात?"

साहेबांनी उंच धरलेला ब्रश खाली घेतला. मग ते हळूच म्हणाले, "तिथे मी बोललो नसतो तर गाड्या सुटल्या नसत्या. आता सकाळी उठतो, तर माझ्यावाचून सगळं सुटतंय. दूधसुद्धा मला न विचारता येतं. काहीतरी आपल्या सांगण्यावरून चाललंय असं वाटायला हवं ना माणसाला."

हळू बोललेला शब्दन् शब्द टाकीने वर नेऊन दिला. बाईंना सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"एवढंच होतं, तर असं आधी बोलायचं नाही का?" बाईंचा आवाज बदलला. "मी काय, रोज सकाळी विचारत जाईन, दूध घेऊ का आत म्हणून."

"विचारशील?"

"विचारीन. पण तुम्ही 'हो' म्हणायचं. भाषण नाही."

"हो," साहेब म्हणाले. त्यांचे दात आता वाजायला लागले होते.

वर येणं सोपं गेलं नाही. पहिल्या पायरीवर गुडघा आखडला, दुसरीवर पोटरीत गोळा आला, आणि तोंडापाशी पोट अडकलं. बाईंनी एक हात धरला, मेव्हणीने येऊन बनियन धरलं. बनियन तिच्या हातात राहिलं आणि साहेब एकदाचे अंगणात आले. तापलेल्या फरशीवर पाय टेकताच त्यांनी अशी उडी मारली की खालच्या टाकीत तशी मारली असती, तर शिडीची गरज पडली नसती.

संध्याकाळी मेव्हणी एकटीच गेली. सूटकेस पुन्हा माळ्यावर चढली. साहेब गालातल्या गालात हसत होते. उतरायला वय लागत नाही म्हणालो होतो, उतरलो; आणि वर येताना बायको परत मिळवून आलो! हे ऐटीत सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर आतून फक्त "फुस्स" असा आवाज आला. गार पाण्याने घसा पार धरला होता.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की घसा चांगलाच सुजलाय, बोलणं बंद, नाहीतर आवाज परत यायला वेळ लागेल.

बाईंनी सेवेत कसली कसर सोडली नाही. गरम पाणी, गुळण्या, गळ्याला रुमाल, उशाशी औषध. जेवताना शेजारी बसवून घ्यायच्या, दिवसभरातलं सगळं सांगायच्या, आणि साहेब हुं म्हणायचे. एका दुपारी त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, "माझ्यासाठीच राहिलीस ना?" बाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. इतक्या वर्षांनंतरही आपली जादू कायम आहे, या समाधानात साहेबांनी डोळे मिटले.

ते झोपले असं समजून बाईंनी बहिणीला फोन लावला.

"नाही गं, आता कशाला येऊ? तिकडे येऊन जे मिळणार होतं, ते इथे घरबसल्या मिळतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हो ना! मी तर डॉक्टरांना विचारूनसुद्धा आले, जरा सावकाश लागू पडेल असं एखादं औषध देता येईल का म्हणून."