वाचनालयातलं गवत

कवठाळवाडीच्या ग्रामसभेत वाचनालयाच्या छपराचा विषय कायम शेवटी असतो, आणि शेवटच्या विषयापर्यंत सभा कधी टिकत नाही. चहा आला की माणसं उठतात. ग्रंथपाल विरूपाक्षअप्पांना हे पाठ होतं. पण या खेपेला सरपंच उमादेवींनी साफ सांगून टाकलं होतं, की पावसाळ्याआधी पत्रे बदलले नाहीत, तर वाचनालयाला कुलूप घालून ती खोली रेशनच्या दुकानाला देणार. म्हणून अप्पा पहिल्या रांगेत ठाण मांडून बसले होते, आणि सभा मेली तासभर डोंगरावरच्या वणव्यातच अडकली होती.

"पाणलोटासाठी चर खणले, बांध घातले, रोपं लावली," उमादेवी म्हणाल्या, "अन् मागल्या साली एका बिडीनं समदं जळून गेलं. आता पुन्हा गवत वाळलंय. काय करायचं, बोला."

"जळालं की गवत लई जोमानं येतं, ताई," दगडोबा म्हणाला. डोंगरावर बिडी कोण ओढतं हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, पण त्याला लाज म्हणून नव्हती.

अप्पांचं डोकंच फिरलं. "अरे, मग कापा की ते गवत! कापा, लिलाव करा, अन् पैसे वाचनालयाला द्या. वणवा न्हाई लागायचा, अन् माझे पत्रे बी होतील!"

मग चक्क टाळ्या पडल्या. अप्पांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

गावानं झडझडून काम केलं. डोंगर न्हाव्यानं हात फिरवल्यासारखा लख्ख झाला, पायथ्याशी पेंढ्यांची गंजी उभी राहिली. आणि ऐन लिलावाच्या सकाळी ग्रामसेवक वीरेश धापा टाकत आला.

"थांबा! आचारसंहिता लागली. निवडणूक होईस्तोवर लिलाव बंद."

"आरं, पण गवताचा अन् निवडणुकीचा काय संबंध?" अप्पा ओरडले.

"मला काय विचारता? मी नोकरी करून राहिलो. लिलाव केला तर माझी जाईल."

आता गंजी ठेवायची कुठं? डोंगराशी ठेवली तर दगडोबा आहेच. शाळेत पोरं, मठात जत्रेची तयारी, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर. सगळ्यांच्या माना हळूहळू अप्पांकडं वळल्या.

"निधी वाचनालयाचाच हाय न्हवं?" उमादेवी गोड आवाजात म्हणाल्या. "मग ठेवा की वाचनालयात."

संध्याकाळपर्यंत खोली आढ्यापर्यंत भरली. कादंबऱ्या गवतामागं गेल्या, चरित्रं गवताखाली. अप्पा खुर्ची टाकून दारात बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे खिसे चाचपू लागले. दगडोबाला तर त्यांनी गल्लीच बंद केली.

आठवड्यानं तालुक्याचे साहेब वणवामुक्त डोंगर बघायला आले. डोंगर बघून फार खूश झाले. चहाला म्हणून वाचनालयाशी आले आणि कप हातातच राहिला.

"अहो, वणवा डोंगरावरून उचलून तुम्ही गावाच्या मधोमध आणून ठेवलात! उद्यापर्यंत खोली रिकामी करा, नाहीतर सील करतो."

विकायचं नाही, ठेवायचं नाही, जाळायचं तर नाहीच नाही. अप्पांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यात गुलाम रसूलचाचा येऊन उभे. त्यांच्या गोठ्यात देवणी जातीच्या गाई, आणि कडबा संपलेला.

"अप्पा, नजरेसमोर एवढा चारा, अन् माझी जनावरं उपाशी. हा कुठला इन्साफ?"

"चाचा, विकता येत न्हाई ओ!" अप्पा वैतागून म्हणाले. "वाचनालयातली वस्तू सभासदाला फक्त न्यायला..." आणि ते मध्येच थांबले. मग दाराशी उभ्या वीरेशकडं वळले. "का रे, सभासद करून घ्यायला आचारसंहिता आडवी येती का?"

"न्हाई बा."

झालं! जन्मात पुस्तक न उघडलेलं गाव वर्गणी घेऊन दारात लोटलं. अप्पा घाम पुसत प्रत्येकाला पेंढ्या देत होते, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून तोंडानं आपोआप म्हणत होते, "आठ दिवसांत परत. न्हाईतर दंड."

खोली रिकामी झाली. वर्गणीतून नवे पत्रे चढले. अप्पांनी पुस्तकं झटकली, कपाटात लावली, आणि कित्येक दिवसांनी निवांत पेपर उघडला. वाचनालय वाचलं होतं. कुलूप टळलं होतं.

तेवढ्यात चाचांची बैलगाडी दारात येऊन थांबली. गाडीत गोवऱ्या.

"हे काय, चाचा?"

"गवत. परत आणलं."

"ह्या गोवऱ्या हायेत!"

"गवतच की. माझ्या गाईनं नेलं, तिच्याकडून असंच परत येतं. तुम्हीच बोललात, आठ दिवसांत परत, न्हाईतर दंड. मी उभ्या आयुष्यात कुणाचा दंड भरलेला न्हाई."

चाचांच्या मागं सगळे सभासद. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या सायकलला पोतं. एवढं शिस्तीचं गाव अप्पांनी कधी बघितलं नव्हतं. ते नको नको म्हणेपर्यंत गोवऱ्या भिंतीला लागून रचल्या जाऊ लागल्या. कादंबऱ्या पुन्हा दिसेनाशा झाल्या.

आणि बाहेर जीप थांबली. साहेब वणवामुक्त गावाचं प्रमाणपत्र घेऊन उतरले, दारात आले, आणि आत बघतच राहिले.

"अप्पा! आता हे काय?"

अप्पांचं साहेबांकडं लक्षच नव्हतं. ते रांगेच्या टोकाकडं बघत होते. तिथं डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन, तोंडात पेटलेली बिडी धरून, दगडोबा आपला नंबर यायची वाट बघत उभा होता.

अप्पांनी टेबलाच्या खणातून कुलूप काढलं आणि साहेबांच्या हातात कोंबलं.

"लावा, साहेब! पाया पडतो तुमच्या, आत्ताच्या आत्ता लावा!"