चार लिंबं आणि एक किल्ली

"आजपासून आपल्या घरातलं कुणीबी रिक्षाला हात करणार नाय," मुकुंदवाडीतल्या गल्लीत, नव्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून आप्पासाहेबांनी जाहीर केलं. गल्ली ऐकायला जमली होती. समोरच्या कमरोद्दीनभाईंची स्वतःची रिक्षा होती. तरी शेजारधर्म म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घराण्यातली ही पहिली गाडी. ती वेरूळच्या घृष्णेश्वरापुढं उभी राहीपर्यंत चहा घेणार नाही, असं आप्पासाहेबांच्या आईनं, चतुराबाईंनी, अकरा महिन्यांपूर्वी बोलून ठेवलं होतं. तेव्हापासून सकाळी सातच्या सुमारास त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

चार चाकांपुढं चार लिंबं ठेवली गेली. आप्पासाहेबांनी किल्ली फिरवली. गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली.

"नवी हाय, लाजती," चतुराबाई म्हणाल्या.

पाचव्या उचकीला कमरोद्दीनभाई खिडकीपाशी आले. "आप्पासाब, मैं निकाल दूं? दोन मिनिटाचं काम हाय."

"नाय," चतुराबाईंनीच उत्तर दिलं. "पहिलं लिंबू मालकाच्याच पायानं फुटतं. नायतर गाडी जन्मभर दुसऱ्याचं ऐकती."

आप्पासाहेबांनी गियर बदलला. या वेळी गाडी खरोखर निघाली, फक्त मागं. स्वतःच्याच फाटकात अर्धी शिरून ती अडकली. घरची स्कूटर आत कोंडली गेली. चारही लिंबं रस्त्यावर धडधाकट राहिली.

"एकवीस दिवस क्लास केला ना तुम्ही?" बायकोनं, तनुजानं, विचारलं.

"केला की. रोज जळगाव रोडला पळवत व्हतो. मास्तर म्हणायचे, तुम्ही निस्तं स्टेरिंगकडं बघा."

"आन् मास्तरांच्या पायाशी काय व्हतं?"

आप्पासाहेबांनी आठवून पाहिलं. "क्लच... आन् ब्रेक. त्यांचे बी."

एकवीस दिवस गाडी कोण चालवत होतं, हे गल्लीला एकदमच कळलं. आप्पासाहेबांना सगळ्यांत शेवटी.

घृष्णेश्वराचा अभिषेक अकरा वाजता होता आणि साडेनऊ वाजून गेले होते. तेवढ्यात समोरच्या घरातून कमरोद्दीनभाईंच्या बायकोच्या, मुनिराभाभींच्या, अद्रकीच्या चहाचा वास गल्लीभर पसरला. चतुराबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धर्मशास्त्राचा निकाल लागला होता.

"आप्पा, किल्ली दे."

"कशाला, आई?"

"गाडीचा जीव किल्लीत असतो. जीव देवापुढं नेते, धड राहू दे फाटकात. कमरोद्दीन, काढ रिक्षा. आन् मुनिराला सांग, माझा कप झाकून ठेव."

पदराच्या गाठीत किल्ली बांधून चतुराबाई रिक्षात बसल्या, शेजारी तनुजा. फाटक लागेना, म्हणून आप्पासाहेब राखणीला थांबले. गाडीतच, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून. रिक्षा वळताना तिच्या चाकाखाली एक लिंबू फुटलं.

मग आप्पासाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि रिक्षाला हात केला.

"भाई, येताना तेवढं मास्तरांना घेऊन या. निस्तं बाजूला बसायला."