छत्तीस पानं वाचली असे समजावे

पुस्तक वाचताना माणसाला चहा लागतो, ही बाब आमच्या वरच्या कार्यालयाच्या गेल्या वर्षी लक्षात आली. तोवर लोक परस्पर वाचत होते आणि परस्पर चहा पीत होते. त्याची कुठेही नोंद होत नव्हती. ही बेशिस्त मोडून काढण्यासाठी 'एक पुस्तक, एक कप' हे अभियान निघालं आणि त्याचं सात पानी परिपत्रक लिंबाळवाडीच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात येऊन पडलं. ग्रंथपाल या नात्याने त्यावर आवक क्रमांक टाकणं माझं काम. तो मी टाकला.

परिपत्रकाचा आशय सोपा होता. गावातल्या प्रत्येक साक्षर व्यक्तीने आपला आवडता साहित्यप्रकार लेखी कळवायचा, त्याच प्रकारातलं पुस्तक चहा घेत वाचायचं आणि वाचताना आनंद होत असल्याचा फोटो पाठवायचा. फोटोत वाचक, पुस्तक, कप आणि वाफ हे चारही घटक एकाच चौकटीत हवेत. वाफ अस्पष्ट असल्यास प्रकरण त्रुटीसह परत येईल. महिनाभरात गाव शंभर टक्के झालं, तर वाचनालय 'ड' वर्गातून 'क' वर्गात जाईल. बावीस वर्षं 'ड' वर्गात काढलेल्या माणसाला 'क' हे अक्षर किती देखणं दिसतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

आमच्याकडे पेपर वाचायला चार माणसं येत. पुस्तक वाचायला एकच, सत्यशीला. आठवी शिकलेली, चाळिशीची बाई. दरसाल दसरा झाला की ती आणि तिचा नवरा धोंडीराम कोयता घेऊन कारखान्याकडे ऊस तोडायला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. गावात असली की दुपारी दोनला ती वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसे. घरून पाण्याच्या बाटलीत आणलेला चहा बशीत ओते, पुस्तक मांडीवर ठेवे, आणि पान संपलं की एक फुरका मारी. तिला रहस्यकथा लागत. त्या वेळी ती 'विहिरीवरचा तिसरा दोर' नावाची एकशे शहात्तर पानांची कादंबरी वाचत होती आणि एकशे चाळीस पानांवर आली होती. तिची टोळी निघायला बारा दिवस होते. पुस्तक सहा महिने बाहेर न्यायची सोय नाही. नियम सात दिवसांचा आहे.

आवडत्या प्रकाराची नोंदणी मी दारोदार जाऊन केली. धोंडीरामने 'सातबारा' असं सांगितलं. तिघांनी पंचांग सांगितलं. एका म्हातारीने 'जे चष्म्याशिवाय दिसतं ते' असं सांगितलं. परिपत्रकात मात्र नऊच रकाने होते, म्हणून वाचनालयाच्या समितीने बसून निर्णय घेतला. साठीपुढचे सगळे धार्मिक. तरुण स्पर्धा परीक्षा. बायका सरसकट पाककृती. एका दुपारी गावाची अभिरुची ठरली.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला आली. मी तिच्या हातात लोणच्यांचं पुस्तक ठेवलं.

"मोहनभाऊ, हे कावून?"

"तुमची नोंद पाककृतीत आहे."

"मला कुनी इचारलं?"

"सगळ्या महिलांची सरसकट झालीय."

"सैपाक मी करते भाऊ, वाचत न्हाई," ती म्हणाली. "माझं पुस्तक द्या. दोन दिसात सरतंय."

प्रकारबदलासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, हे मी तिला समजावून सांगितलं. ग्रामसभा पुढच्या महिन्यात होती. तिने लोणच्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ओट्यावर बसून नुसता चहा प्यायला.

याचा परिणाम असा झाला, की रहस्यकथेच्या रकान्यात वाचकसंख्या शून्य भरली. नऊपैकी एक रकाना रिकामा म्हणजे गाव शंभर टक्के नाही. वाचनालयाचे अध्यक्ष उत्तरेश्वरराव हे गावचे सरपंचही आहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मोहनराव, येवढ्या मोठ्या गावात रहस्यात एकबी मानूस न्हाई? शेजारच्या गावाला काय तोंड दाखवावं?"

"एक बाई होती. आपणच पाककृतीत टाकली."

"मग तिला तिथंच ऱ्हाऊ द्या, कागुद फिरवू नका. सगळ्या गावालाच रहस्य वाचाया लावू. एकानं वाचायचं, बाकीच्यानी ऐकायचं. सप्त्यात काय करतो आपण? पारायनाचं पुण्य ऐकनाऱ्याला बी लागतंच की!"

यात चूक काढावी असं काही मला दिसलं नाही. आमच्याकडे ग्रंथ असाच वाचला जातो. तीन दिवसांचं पारायण ठरलं. पुस्तक कोणतं, हाही प्रश्न नव्हता. वर्षभरात ज्याच्या कार्डावर वाचकाची सही होती, असं रहस्यकथेचं पुस्तक एकच होतं. तोच पुरावा जोडून 'विहिरीवरचा तिसरा दोर' निवडण्यात आला.

खरी अडचण पुढे आली. वाचनाला भजनी मंडळाचे मुंजाजी बसणार होते. त्यांचा आवाज खणखणीत आणि आचार कडक. त्यांनी कादंबरी चौरंगावर लाल कापडात ठेवली, समोर निरंजन लावलं आणि जाहीर केलं, "ग्रंथाजवळ उष्ट्या हातानं कुनी यायचं न्हाई. च्या तर बिलकुल न्हाई."

"अहो महाराज, अभियानच चहाचं आहे," मी म्हणालो.

"मग च्याचंच पारायन करा. मी निघतो."

उत्तरेश्वररावांनी तोडगा काढला. वाचनाचा मांडव देवळापुढे आणि चहाचा मांडव पार शाळेच्या मैदानात. चहाच्या मांडवात पुस्तक नव्हतं आणि पुस्तकाच्या मांडवात चहा नव्हता. फोटोसाठी चहाच्या मांडवात ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला रंगीत कव्हर घालून ठेवलं. एकेकाने यायचं, वही उघडायची, कप उचलायचा, हसायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. काही जण उघडलेल्या पानावर स्वतःच्या आजोबांचं नाव बघून थबकले, त्यामुळे रांग रेंगाळली. बशीतून पिणाऱ्यांचे फोटो बाद झाले, कारण परिपत्रकात कप म्हटलं होतं. वाफेसाठी मांडवामागे चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवावं लागलं.

इकडे मुंजाजींनी कादंबरी चालीवर म्हणायला सुरुवात केली. पहिल्या प्रकरणात विहिरीत प्रेत सापडलं, तेव्हा टाळकऱ्यांनी टाळ वाजवले आणि बायकांनी हात जोडले. इन्स्पेक्टरच्या प्रत्येक प्रश्नाला मागून कोरस होता. पुढच्या रांगेत सत्यशीला बसली होती. एकशे चाळीस पानं पुन्हा ऐकायला तिची तक्रार नव्हती. शेवटची छत्तीस पानं तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि टोळीचा ट्रॅक्टर त्याच दुपारी निघणार होता. तिने सामानाची पेटी बांधून देवळाच्या भिंतीला लावून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी समारोपाला वरच्या कार्यालयातले साहेब येणार होते. दहाची वेळ होती, साहेब साडेबाराला आले. मग फेटे झाले. शाल, श्रीफळ झालं. मंडपवाल्याचा सत्कार झाला, चहावाल्याचा झाला, पातेल्याखाली जाळ घालणाऱ्याचाही झाला. सत्कार राहिला तर आमच्याकडे माणूस पिढ्यानपिढ्या बोलत नाही, त्यामुळे हे टाळता येत नव्हतं. मुंजाजींनी चष्मा लावून एकशे एक्केचाळिसावं पान उघडलं तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"किती राहिलंय?"

"छत्तीस पानं."

"शेवटच आहे ना? मग ती वाचून झाली असे समजण्यात यावे," साहेब म्हणाले. सभांचं इतिवृत्त कसं वाचलं असं समजून कायम करतात, तसंच हे. सूचक उत्तरेश्वरराव, अनुमोदक मुंजाजी. हात वर झाले आणि खून उलगडला.

"आवो, पर मारलं कुनी?" पुढच्या रांगेतून सत्यशीला उभी राहिली. "माझा इरोध हाय!"

मागे जेवणाच्या पंक्ती बसायला लागल्या होत्या. मी इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं.

मंडप सुटायला लागला तशी ती वाचनालयात आली. बाहेर ट्रॅक्टर सुरू होऊन उभा होता आणि धोंडीराम ट्रॉलीतून हाका मारत होता.

"भाऊ, दहा मिन्टं द्या. हितंच उभ्यानं वाचते. तुमच्यासमोर."

"सत्यशीलाबाई, पुस्तक सीलबंद झालंय. 'पूर्ण वाचलेला ग्रंथ' म्हणून तपासणीला ठेवायचंय. साहेबांची सही आहे सीलवर."

"म्या न्हाई वाचला पूर्न."

"ठरावाप्रमाणे वाचलाय."

"तुमी तरी सांगा. तुमी वाचलं असंल की. कुनी मारलं?"

"सांगितलं तर मजा जाईल," मी म्हणालो. बावीस वर्षं मी हेच वाक्य वापरत आलो होतो आणि आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं. ती जाऊन ट्रॉलीत बसली. ट्रॅक्टर वळेपर्यंत मी खिडकीशी उभा राहिलो, आणि मला माझी लाज वाटली.

वाचनालय 'क' वर्गात गेलं. अहवालात अकराशे चाळीस वाचक दाखवले. अभिप्रायाच्या रकान्यात सगळ्यांनी 'शेवट फार आवडला' असं लिहिलं, कारण पहिल्याने तसं लिहिलं होतं. अभिनंदनाची पाटी लागली. दुपारी दोनला ओट्यावर कोणी येत नव्हतं, म्हणून मी दार लोटून घेत असे.

पंधरा दिवस कळ काढली. मग एका दुपारी कपाट उघडलं, सील फोडलं, सरळ शेवटून दुसऱ्या पानावर गेलो आणि धोंडीरामच्या फोनवर सत्यशीलाला बोलावून घेतलं. टोळीची जेवणाची वेळ होती.

"ऐका. यमुनाबाई कबूल झालीय. इथे स्वच्छ लिहिलंय, 'होय, मीच मारलं.'"

"कुनाला मारलं म्हनती?"

"म्हणजे?"

"आवो, यमुनाबाईनं बोका मारलाय. ते सत्तराव्या पानापासून ठाऊक हाय. वकिलाला कुनी मारलं, ते बगा."

"कोणता वकील?"

पलीकडून टोळीच्या जेवणाची भांडी वाजत होती.

"मोहनभाऊ," ती हळूच म्हणाली, "तुमी हे वाचलंच न्हाई का काय?"

बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तपासणीला आलेल्यांनी कपाटं मोजली, कार्डं मोजली, छताला गळती आहे का ते पाहिलं. मी 'नाही' म्हणालो.

"मंग असं करा. एकशेएक्केचाळीसपून वाचा. मोठ्यानं. फोन उघडा ठेवते, टोळीतल्या बायाबी ऐकतेत. त्यास्नी म्या तितवर सांगितलंय."

मी चहा मागवला, बशीत ओतला आणि वाचायला लागलो. पहिली चार पानं अडखळलो. वकील कोण, दोर कुणाचा, काही कळेना. सत्यशीला मधे मधे मागचं सांगायची. मग कळायला लागलं. मग चहा निवला. दुसऱ्या दिवशी दोनला मी स्वतःहून फोन लावला. तिकडे पाचटाच्या कोपीपुढे, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढे, बारा जणी बसलेल्या असत आणि मी थांबलो की ओरडत. चौथ्या दिवशी शेवटचं पान संपलं.

"मला वाटलंच व्हतं," सत्यशीला म्हणाली. "पर खात्री न्हवती. आता बरं वाटलं बगा."

मलाही बरं वाटलं. इतकं बरं, की मी त्याच बैठकीत पहिलं पान उघडलं. आणि तिथेच सापडलो. 'क' वर्गाची पडताळणी करायला पथक आलं होतं. दाराशी ते किती वेळ उभे होते, मला कळलं नाही. आठवड्याने नोटीस आली. 'ग्रंथपाल हे कार्यालयीन वेळेत, कर्तव्याच्या ठिकाणी, ग्रंथ वाचताना आढळून आले. विचारणा केली असता त्यांनी "एक मिनिट" असे उत्तर दिले. सबब सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

तो खुलासा म्हणजेच हा कागद. शेवटी प्रथेप्रमाणे एक प्रत माहितीसाठी तुम्हाला देत आहे. इथवर आलात, म्हणजे वकिलाला कुणी मारलं हे तुम्हालाही हवं असणार. नाव एका शब्दाचं आहे, लिहायला मला काहीच लागत नाही. पण ते लिहिलं की उद्या चार लोकांत तुम्ही ते पुस्तक वाचल्याचं सांगाल. कसं सांगाल, ते मी चांगलं ओळखतो.