जावई सायकलीवर आले

रविवारी सकाळी आनंदराज सर सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले, तेव्हा बायकोनं, उज्वलानं, त्यांना फक्त अटीची आठवण करून दिली. सर नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत. दिवाळीत त्यांनी खडीवर आणि मातीच्या वाटेवर चालणारी जाड टायरांची सायकल मोठ्या हौसेनं घेतली होती. पहिल्या फेरीहून ते दुधाच्या टेम्पोतून परतले आणि दुसऱ्या फेरीहून रिक्षातून, सायकल मांडीवर घेऊन. दोन्ही वेळा शेजारपाजारचे लोक नेमके दारात उभे होते.

"तिसऱ्यांदा कुणाच्या गाडीत बसून घरी आलात ना, तर ही सायकल मी लातूरला रामलिंगकडं पाठवून देते," असं तिनं निक्षून सांगितलं होतं. रामलिंग तिचा धाकटा भाऊ. उज्वला एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिनं निक्षून सांगितलेली गोष्ट आजवर कधी टळली नव्हती.

सरांचा मात्र त्या सायकलीवर जीव जडला होता. रस्त्यावर ती चालवण्यात काही अर्थ नव्हता; मागून ट्रक अंगावर यायचे, पुढून उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत यायच्या. नदीकाठ वेगळा. पूर ओसरला की गोदावरी गाळाची काळीशार पट्टी मागे ठेवून आत सरकते, लोक तीत हरभरा पेरतात, टरबुजाचे वेल लावतात, आणि त्यातून बैलगाडीची एक वाट जाते. तिच्यावर ना हॉर्न, ना धूर. पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या बसलेल्या असतात. कॉलेजात मुलं, घरी बायको आणि मोबाइलवर नातेवाईक सरांना सतत काही ना काही विचारत असत. त्या वाटेवर कुणी काही विचारत नसे. तिथं ते मनापासून सुखी असत.

आजची वाट त्यांनी स्वतः नकाशावर आखली होती. नदीच्या काठाकाठानं खाली जायचं, बंधाऱ्यावरून वळायचं आणि दुपारच्या आत घरी. मध्ये सासुरवाडीचं गाव येत होतं. ते उज्वलाला सांगितलं असतं तर तिनं आईला फोन केला असता आणि आईनं पुरण घातलं असतं. म्हणून सरांनी न बोलता गावाला लांबून वळसा घालायचं ठरवलं. भूगोलाच्या दृष्टीनं वळसा बिनचूक होता. फक्त जानेवारीत ज्वारी हुरड्यात येते आणि रविवारच्या दिवशी सगळं गाव गावात नसून नदीकाठच्या शिवारात असतं, हे भूगोलाच्या शिक्षकाच्या ध्यानात राहिलं नाही.

बाभळीच्या वळणावर मलप्पा उभा होता. मलप्पा म्हणजे सासऱ्यांचा शेतशेजारी. त्यानं आधी सायकल पाहिली, मग सरांची काळी तंग अर्धी चड्डी पाहिली, आणि शेवटी हेल्मेटखालचं तोंड ओळखलं.

"पाव्हने, गाडी कुटं हाय?"

"घरी आहे."

"घरी हाय म्हंजे, हाय ना?"

गाडी आहे, उत्तम चालते, आपण हे व्यायाम म्हणून करतोय, असं सरांनी परोपरीनं सांगितलं. मलप्पा मान डोलावत होता, पण त्याची नजर सायकलीवरून हटत नव्हती. तिला स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हतं, मागं कॅरिअर नव्हतं, आणि हँडल तर मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. एवढी मोडकी सायकल त्यानं भंगारातसुद्धा पाहिली नव्हती. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून सरांच्या कमरेला गुंडाळला, पलीकडं बायामाणसं आहेत असं हळूच सांगितलं, आणि सायकल स्वतःच्या हातात घेतली. त्याच्या मागून जाण्याशिवाय सरांना गत्यंतर उरलं नाही.

आगटीभोवती सासरे अण्णाराव, सासूबाई सिंधुबाई आणि निम्मी भावकी बसली होती. कणसं भाजली जात होती, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी मांडलेली होती. टॉवेल नेसलेला जावई पाहून सगळे उठून उभे राहिले. मलप्पा अण्णारावांच्या कानाशी लागला. त्यानंतर कुणी सरांना काहीही विचारलं नाही, आणि सरांना तेच खटकलं. सगळे फार जपून बोलत होते. सिंधुबाई ओंजळभर हुरडा संपायच्या आत दुसरी ओंजळ पुढं करत होत्या. जावयाला घरी पोटभर मिळत नसावं, अशी त्यांची खात्री झाली होती.

अण्णारावांनी त्यांना बाजूला घेतलं. "बापू, नोकरी हाय न्हवं?"

"आहे की, मामा. कायम आहे."

"मंग गाडी काहून इकली?"

गाडी विकली नाही, ही सायकल मुद्दाम घेतली, हे पटवण्यासाठी सरांनी शेवटी तिची किंमत सांगितली. ती त्यांची चूक झाली. स्टँडसुद्धा नसलेल्या सायकलीची ती किंमत ऐकून मलप्पानं तिचं चाक उचलून पुन्हा तपासलं. जावई नुसते अडचणीत नव्हते, त्यांना कुणीतरी बुडवलंही होतं.

मग भावकीनं आपापल्या परीनं हातभार लावायला सुरुवात केली. शिवारात आलेल्या जावयाला रिकामं पाठवायची रीत नव्हती. एकेका घरातून टॉवेल-टोपी आली, नारळ आले, सिंधुबाईंनी ज्वारीचं पोतं बांधलं. सरांच्या डोक्यावर एकावर एक टोप्या चढल्या. अण्णारावांनी पिकअप मागवला. पोतं, सायकल आणि पाव्हणे, सगळं नांदेडला पोचवायचा त्यांचा हुकूम सुटला.

पिकअपमधून घरी गेलं की सायकल लातूरला गेलीच. आणि आज ना पंक्चर होतं, ना पाय दुखत होते; हरायला काहीच कारण नव्हतं.

"मामा, मला सायकलीवरच जाऊ द्या," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"लोक काय म्हनतील? अण्णारावानं जावई सायकलीवर लावून दिला म्हनतील. इज्जतीचा सवाल हाय, बापू."

तेव्हा नाइलाजानं सरांनी खरं सांगितलं. "गाडीत बसून घरी यायचं नाही, असं उज्वलानं बजावलंय."

सिंधुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अण्णाराव खाली बसले. आपली शिकलेली, हेडबाई झालेली लेक नवऱ्याला गाडीत बसू देत नाही, हे भावकीसमोर उघड झालं होतं. त्यांनी मोबाइल काढला, उज्वलाला लावला आणि एवढंच म्हणाले, "असशील तशी निघून ये. गाडी घिऊन ये."

उज्वला घाबरूनच निघाली. आईला काही झालं, की नवरा नदीत पडला, याचा अंदाज करत तिनं उसाच्या ट्रॉल्या ओलांडल्या आणि शिवारात उतरली, तर नवरा टोप्या घालून हुरडा खात बसलेला. तिला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच टिकलं, कारण भावकीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आत्या, उमादेवी, पुढं सरसावल्या होत्या. नवरा म्हणजे काय, संसार म्हणजे काय, पाव्हण्यांची तब्येत किती उतरली, हे सगळं त्यांनी सुनावलं. शाळेत साऱ्यांना गप्प करणारी उज्वला मान खाली घालून ऐकत होती. सरांना आतून थोडं बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"आत्या, त्यांनाच हौस आहे सायकलीची," ती शेवटी म्हणाली. "सुख वाटतं म्हणे त्यांना."

"आसल्या सायकलीवर कुनाला सुख वाटंल? तू बसून दाखव बरं."

उज्वलाला राग आला की ती वाद घालत नाही. तिनं ओढणी कमरेला खोचली, मलप्पाच्या हातून सायकल घेतली, आणि पहिल्याच पावलात टांग टाकून बसली. या गावातून हायस्कूलला ती वडिलांची उंच सायकल नळीखालून पाय घालून मारत जात असे. लग्नानंतर मात्र कुणी तिच्या हातात सायकल दिली नव्हती. जरा डगमगली, सावरली, आणि हरभऱ्याच्या बाजूनं निघाली. बंधाऱ्याकडं जाताना पाण्यातले चक्रवाक उठले, तशी तिनं मान वर केली. राग तिथंच कुठंतरी गळून पडला असावा, कारण ती वळली नाही. बाभळीपलीकडं ठिपका झाली आणि तोही दिसेनासा झाला.

सगळे वाट पाहत बसले. बऱ्याच वेळानं सरांचा फोन वाजला.

"मी पुढं आलेय," ती धापा टाकत होती, पण आवाज प्रसन्न होता. "आता परत फिरत नाही. तुम्ही गाडी घेऊन या घरी."

जावई अखेर गाडीत बसले, तेव्हा अण्णारावांचा चेहरा उजळला. मागच्या सीटवर पोतं, नारळ आणि टॉवेलांची चळत होती. रस्ता सगळा उसानं भरलेला. एका ट्रॉलीच्या मागं अडकून, तिच्यावरची गाणी ऐकत सर गोगलगाईच्या चालीनं नांदेडला पोचले. शेजारचे लोक नेमके दारात होते. जावई टोपी घालून गाडीतून उतरताना त्यांनी पाहिलं.

उज्वला त्यांच्यानंतर आली. केसांत धूळ, गाल लालबुंद, चपलेचा पट्टा तुटलेला. तिनं सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायली. सर अपराध्यासारखे जवळ गेले. अट ती अट, हे त्यांना मान्य होतं, फक्त सायकल एसटीनं पाठवायची की ट्रान्सपोर्टनं, एवढं त्यांनी विचारलं.

"कुठं पाठवायची?" तिनं विचारलं.

"लातूरला. रामलिंगकडं."

"त्याच्याकडं कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मी नदीकाठानं आईकडं जाणार आहे. तुम्हालाही जेवायला बोलावलंय, तुम्ही गाडी घेऊन रस्त्यानं या. आणि हे सीट लई वर आहे, जरा खाली करून द्या."

सर आत जाऊन पाना घेऊन आले.